मौन चालू आहे

ओनुफ्री गाव्लिक सेहेचाळीस वर्षांचा झाला, तरी त्यानं स्वतःच्या एकाही रचनेचा शेवट कानानं ऐकला नव्हता.

लिहिल्या होत्या आठ. आठही मध्येच बंद पडल्या. वॉर्साला त्याच्या चार तंतुवाद्यांच्या चौकडीतला व्हायोला वाजवणारा चौथ्या मिनिटाला उठला, "माझ्या बापानं याच्यासाठी माझी फी भरली नव्हती," असं म्हणाला आणि वाद्य पेटीत घालून ट्रामनं सरळ घरी गेला. वुचला वीज गेली. पोझनानला चेलोवाल्या बाईंना नववा महिना होता. सहाव्या मिनिटाला कळा सुरू झाल्या आणि पडद्यामागे मुलगी झाली. ती मुलगी म्हणे अजूनही सहा मिनिटांवर रडत नाही, मध्येच सोडून देते. क्राकूवला तर संस्कृती खात्यातला एक माणूस हात वर करून उभा राहिला, "साथी, हे कामगारांना कळणार का?" मागच्या रांगेतून एक लोहार ओरडला, "कळतंय आम्हाला, तुम्ही खाली बसा!" त्या दोघांचं भांडण असं रंगलं, की लोक तिकिटाचे पैसे वसूल झाले म्हणत घरी गेले. रचना काय होती ते कुणाच्याच ध्यानात राहिलं नाही.

आता नववी तयार होती. चौदा मिनिटांची, चौदा पानांची, नुसत्या फुंकवाद्यांसाठी आणि एका ढोलासाठी. साल एकोणीसशे अठ्ठावन्न. सरकारनं असल्या संगीताकडे बघून वर चढवलेली भुवई नुकतीच खाली घेतली होती, आणि शरद ऋतूत राजधानीत नव्या संगीताचा मोठा उत्सव भरायचा होता. त्या उत्सवाची दोरी कुणाच्या हातात, तर रेडिओवरच्या लेओकादियाबाईंच्या. बाई काटकुळ्या, ओठात सिगारेट, कानावर सदैव हेडफोन. जेवतानाही एक कान उघडा आणि एक झाकलेला.

"हे बघा गाव्लिक," बाई म्हणाल्या, "समिती स्वरलिपी वाचत नाही. समितीला टेप लागते. पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत, एकदाही न थांबता. मध्ये थांबलं तर मी बटण दाबणार आणि परत येणार. दुसरी संधी नाही."

"आणि न थांबता झालं तर?"

"तर शरदात तुमचं नाव भिंतीवर. नाही झालं, तर मला कोंबड्यांच्या आहारावर एक कार्यक्रम करायचाय, तो करीन."

वाजवणार कोण? तीन वाद्यवृंदांनी पानं बघूनच परत केली. एकानं तर सोबत डोळ्यांच्या डॉक्टरचा पत्ता पाठवला. शेवटी ओनुफ्रीनं टोपी घातली, आगगाडी पकडली आणि तो आपल्या गावी, मोक्रा वोलाला, हिएरोनिममामाच्या दारात येऊन उभा राहिला.

हिएरोनिममामा म्हणजे गावच्या आगीच्या बंबाचा प्रमुख. आमच्या गावाकडे बंबवाले पगारी नसतात. बेकरीवाला, मधमाश्यावाला, गिरणीवाला, असे गावातलेच गडी. आग लागली की आग विझवायची, नाही लागली की बँड वाजवायचा. लग्न, मर्तिक, बिशपची स्वारी, सगळीकडे तेच चौदा जण, पितळी शिरस्त्राणं घालून. मामाच्या मिशा एवढ्या लांब, की ट्रम्पेट वाजवताना मामी त्या मागून कानावर अडकवून द्यायची.

"मामा, माझी एक रचना वाजवाल?"

"वाजवू की. पोल्का का मार्च?"

"दोन्ही नाही."

मामानं भाच्याकडे खालून वर पाहिलं. "बरं," तो म्हणाला. "तुझ्या आईनं मरताना सांगितलं होतं, पोराकडे लक्ष ठेव म्हणून. काय आहे ते दाखव."

ओनुफ्रीनं बंबघराच्या दालनात पानं वाटली. त्यांवर पाच रेघा नव्हत्या. जाड काळ्या पाचरी होत्या, ठिपक्यांचे थवे होते, कुठे पान भरून पिसारा, कुठे नुसता एक नागमोडी दोरा. चौदा जणांनी पानं उलटी केली, सुलटी केली, खिडकीशी धरली. ओनुफ्रीनं टोपी हातात घेतली. हे दृश्य त्यानं आठ वेळा पाहिलं होतं; यानंतर कुणीतरी हसायचं.

"हे पोळं आहे," ट्रॉम्बोनवाला आम्ब्रोझी म्हणाला. त्याच्या घरी चाळीस पेट्या मधमाश्या होत्या.

"काय?"

"पान तीन. पोळं उठायच्या आधी असंच होतं. आधी खालून घूं, मग कडेच्या बिथरतात, मग सगळ्या एकदम." आणि त्यानं वाजवून दाखवलं.

ओनुफ्री भिंतीला टेकला. वॉर्सात असल्याच एका पानावर तीन दिवस वाद झाला होता आणि चौथ्या दिवशी मारामारी.

"मग ही पाचर म्हणजे कणीक," विन्सेंती बेकरीवाला म्हणाला. अंगाभोवती अजगरासारखा गुंडाळून घ्यायचा थोरला ट्युबा तो वाजवायचा, आणि ट्युबा जास्त जाड का विन्सेंती, याच्या गावात पैजा लागायच्या. "फुगतेय ती. हळू फुंकायचं. भट्टीचं दार मध्येच उघडायचं नाही. बरोबर ना, ओनुश?"

"बरोबर," ओनुफ्री म्हणाला. "अगदी बरोबर!"

मग काय विचारता! महिनाभर मोक्रा वोलात पोल्का ऐकू आली नाही. गेर्वाझी बंबाची घोडागाडी हाकायचा आणि बँडमध्ये ढोल बडवायचा, तो गोठ्यातही टाचेनं पान सहाचा सराव करू लागला. बायका विहिरीवर एकमेकींना म्हणायच्या, "आमचे हे आज पिसाऱ्यापर्यंत आले." पानं पाठ झाली; तालीम मात्र एकेका पानाची सुटी, आणि शेवटचं पान ज्यानं त्यानं घरीच घोटायचं, कारण शेवट ओनुफ्रीला कार्यक्रमातच ऐकायचा होता. आम्ब्रोझी तर शपथेवर सांगायचा, की पान तीन वाजवलं की त्याच्या माश्या दारात येऊन ओळीनं बसतात.

अडलं ते फक्त पान दहावर.

"हा काय डोंगर काढलास?" मामानं विचारलं.

"भोंगा."

"कुठला भोंगा?"

"आपलाच. अंगणातला, हातानं फिरवायचा."

दालनात चौदा वाद्यं एकदम खाली आली.

"ओनुश," मामा शांतपणे म्हणाला, "तो आगीचा भोंगा आहे. आगीशिवाय तो वाजत नाही. माझ्या बापानं वाजवला नाही, मी वाजवला नाही. हिच्याशी लग्न झालं त्या दिवशीसुद्धा नाही."

"त्या दिवशी वाजवायला हवा होता," मामी कोपऱ्यातून म्हणाली. "मी तरी पळाले असते."

पेलागियामामी मध्ये पडली म्हणून तोड निघाली. भोंगा वाजेल, पण एकदाच, प्रत्यक्ष कार्यक्रमात, आणि फिरवणार मामी. तालमीला मामीच तोंडानं भोंगा करील. आदल्या रविवारी पाद्रीबाबा प्रार्थनेनंतर सगळ्या गावाला बजावतील, की संत फ्लोरिआनच्या दिवशी दुपारी बाराला भोंगा झाला तर कुणी घाबरायचं नाही, ते संगीत आहे.

मामीनं "ऊऊऊऊ" असा सूर लावला, तो असा चढवत नेला, की बाकाखालचं कुत्रं उठून तिला साथ द्यायला लागलं. चौदा जण जागचे हलले नाहीत. ओनुफ्री खूश झाला.

"आणि भोंग्यानंतर हे रिकामं वर्तुळ?" मामानं विचारलं.

"ते मौन. मी हात वर धरीन. हात वर आहे तोवर मौन चालू. हात खाली आला की पान अकरा."

"पण किती वेळ?"

"ते लिहिलेलं नाही. मला वाटेल तितका."

"आणि हात वर ठेवूनच तू मेलास तर?"

"तर तेवढा वेळ," ओनुफ्री म्हणाला, आणि सगळे मनापासून हसले. पहिल्यांदाच त्याच्या तालमीत लोक हसले आणि त्याला बरं वाटलं.

चार मे, संत फ्लोरिआनचा दिवस. बंबवाल्यांचा सण. सकाळी प्रार्थना झाली, शिरस्त्राणं चिंच लावल्यासारखी लखलखत होती, आणि बंबघराचं दालन खिडक्यांतल्या माणसांसकट भरलं. मागच्या टेबलांवर सॉसेजं, काकडीचं लोणचं, मामीच्या हातच्या पिएरोगी म्हणजे सारण भरून उकडलेल्या करंज्या, सगळं फडक्यांखाली झाकलेलं. लोकांचं निम्मं लक्ष तिकडे. लेओकादियाबाई रेडिओची गाडी स्वतः चालवत आल्या. टेपचं यंत्र गाडीत, तिथून एक तार खिडकीतून आत, आणि दुसरा एक मायक्रोफोन गाडीतच राखीव.

"तीस मिनिटांचं रीळ आहे," बाईंनी ओनुफ्रीला सांगितलं. "तुम्हाला चौदा पुरतात ना?"

"भरपूर!"

"बघू या," म्हणून बाईंनी बटण दाबलं.

ओनुफ्रीनं हात उचलला आणि नववी रचना सुरू झाली.

पोळं उठलं तेव्हा पुढच्या रांगेतल्या आजीबाईंनी डोक्यावरचा रुमाल घट्ट केला. कणीक फुगली, फुगत गेली, आणि कुणीही भट्टीचं दार उघडलं नाही. पान पाच. पान सहा! क्राकूवची रचना एवढ्यावरच भांडणात बुडाली होती. पान सात! ओनुफ्रीच्या कानशिलावर शीर उडत होती. एवढं पुढपर्यंत सलग त्यानं कधीच ऐकलं नव्हतं. आपल्याच घराच्या न उघडलेल्या खोल्यांतून चालावं तसा तो पुढे चालला होता. आठ, नऊ. त्यानं डावीकडे, उघड्या दरवाज्यातून अंगणात उभ्या असलेल्या मामीला खूण केली.

मामीनं दोन्ही हातांनी दांडा फिरवला.

आता हे सगळ्यांना ठाऊक होतं. पाद्रीबाबांनी सांगितलं होतं, पानावर काढलेलं होतं, महिनाभर तोंडानं घोकलेलं होतं. पण ते ठाऊक होतं डोक्यांना. पायांना कुणी सांगितलं नव्हतं. ते पाय वीस वीस वर्षं त्या आवाजावर लग्नाच्या ताटावरून, प्रार्थनेतून, न्हाणीतून उठून धावलेले. भोंगा अर्ध्यावर चढला आणि चौदाच्या चौदा जण उभे. तो पुरता चढला तोवर खुर्च्या आडव्या, स्टँड उभे-आडवे, आणि बँड बाहेर! सगळ्यांत पुढे मामा, ट्रम्पेट बगलेत, मिशा कानांवर. बंबाची जोडी, बाल्बिना आणि हुसार, गेर्वाझीची वाटही न बघता जुवाखाली येऊन उभी राहिली होती. कुणी चाकावरून चढला, कुणी शिडीवरून, वाद्य मात्र एकानंही टाकलं नाही. बावीस सेकंदांत बंब फाटकाबाहेर. जिल्ह्यात हा विक्रम अजून मोडलेला नाही.

तेराच गेले. विन्सेंती ट्युब्यासकट दालनाच्या दारात अडकला. पोट आत, ट्युबा बाहेर.

ओनुफ्री चौथऱ्यावर एकटा उभा होता. समोर चौदा रिकाम्या खुर्च्या. मागे अडीचशे माणसं, श्वास रोखून. भोंगा घरघरत खाली उतरला आणि थांबला.

नवव्यांदा, त्याच्या मनात आलं. नवव्यांदाही.

खिडकीतून लेओकादियाबाईंनी डोकं आत घातलं. "गाव्लिक! थांबलं का?" त्यांचं बोट बटणावर जायला निघालेलं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

ओनुफ्रीनं वर पाहिलं. त्याचा उजवा हात भोंग्याची खूण झाल्यापासून वरच होता. खाली घ्यायचं त्याला सुचलंच नव्हतं.

पान दहा. भोंग्यानंतर रिकामं वर्तुळ.

"नाही!" तो ओरडला. "थांबलं नाही! मौन चालू आहे!"

"किती वेळ चालणार?"

"हात खाली येईपर्यंत!"

बाईंनी सिगारेट ओठाच्या या टोकाकडून त्या टोकाकडे नेली. "मग या बाहेर. रिळावर एकवीस मिनिटं आहेत."

दारात विन्सेंती होता, म्हणून ओनुफ्रीनं खिडकीतून उडी मारली, तीही एक हात वर ठेवून. मागून मामीचा आवाज आला, "कुणी बोलायचं नाही! मौन आहे! सॉसेजला हात लावला तर हात तोडीन!"

बाईंनी दालनातली तार उपटली, राखीव मायक्रोफोन चालू केला आणि रेडिओची गाडी सुसाट सुटली. ओनुफ्री बाईंच्या शेजारी, हात खिडकीबाहेर, वर. मोक्रा वोला एकाच लांबलचक रस्त्याचं गाव. कुंपणाशी उभ्या असलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना वाटलं, शहरातला पाहुणा सणाचा रामराम करतोय. सगळे टोप्या हलवायला लागले.

"काय रे ओनुश, निवडणुकीला उभा आहेस का?" कुणीतरी ओरडलं.

"घोडे थांबव म्हणावं गेर्वाझीला," बाई म्हणाल्या.

"थांबणार नाहीत. भोंगा झाला की ती जोडी तळ्याशिवाय थांबत नाही. पंपाला पाणी तिथेच भरतात."

"एकोणीस मिनिटं."

गिरणीच्या वळणावर रस्ता पांढरा झाला. फेलित्सियाआजीचे हंस! शंभर तरी असतील. रस्ता ओलांडायला त्यांना सणासुदीचाच मुहूर्त मिळाला होता. बाईंनी ब्रेक दाबला. हंसांनी माना लांब करून गाडीलाच शिव्या द्यायला सुरुवात केली.

"गाव्लिक, हे सगळं टेपवर जातंय! मौनात हंस चालतात का?"

"मौनात सगळं चालतं!" ओनुफ्री आनंदानं ओरडला. खरंच आनंदानं, त्याच्या आतमध्ये काहीतरी सुटलं होतं आणि उधळलं होतं. तो खाली उतरला आणि वर धरलेल्या हातानिशी हंसांत घुसला. म्होरक्या हंसानं त्याच्या पोटरीचा लचका घेतला. ओनुफ्रीनं हूं की चूं केलं नाही, हात खाली आणला नाही. एवढा उंच हात बघून हंसांना हा आपल्यापेक्षा लांब मानेचा कुणी थोरला वाटला असावा. ते बाजूला झाले.

तळ्याशी पोचले तेव्हा बंबवाले कामाला लागलेले होते. नळी पाण्यात सोडलेली, पंपावर चौघे, आणि एका हातात क्लॅरिनेट धरून आम्ब्रोझीचा भाऊ आभाळात धूर शोधतोय. मामा मात्र बंबाच्या पायरीवर बसला होता, नाकाच्या शेंड्यापर्यंत लाल.

"मामा! आग नाही! पान दहा होतं ते!"

"मला ठाऊक आहे!"

"मग निघालात कशाला?"

"मला काय विचारतोस? पायांना विचार!" मामानं शिरस्त्राण काढून जमिनीवर आपटलं. "आयुष्यात पहिल्यांदा आगीशिवाय बंब काढला. आणि कुणासाठी, तर सख्ख्या भाच्यासाठी. त्याचाच कार्यक्रम बुडवायला. ताईला मी वर जाऊन काय तोंड दाखवू?"

"बुडालेला नाही!" ओनुफ्रीनं डाव्या हातानं आपला उजवा हात दाखवला. त्याची बोटं पांढरी पडली होती. "बघा! मौन चालू आहे!"

तेरा जणांनी त्या हाताकडे पाहिलं.

"तेव्हापासून?" मामानं विचारलं.

"तेव्हापासून."

"आठ मिनिटं राहिलीत," बाई गाडीतून म्हणाल्या.

"परत जायलाच सहा लागतील," गेर्वाझी म्हणाला. "मग बसायचं कधी, वाजवायचं कधी?"

"बसायचंच नाही. चढा बंबावर. जाता जाता वाजवायचं. पान अकरा ते चौदा, पाठ आहेत ना?"

"चालत्या बंबावर वाद्य वाजवणं नियमात नाही," मामा म्हणाला.

"आणि आगीशिवाय निघणं आहे?"

मामानं मिशा कानांवर अडकवल्या आणि तो चढला. नळी ओढायलाही कुणी थांबलं नाही. ती शेपटीसारखी मागून आली.

"पण ओनुश," आम्ब्रोझी वरून ओरडला, "शेवटचा सूर विन्सेंतीचा! एकट्या ट्युब्याचा! तो कुठाय?"

"दारात!"

"मग?"

"मग त्याच्याशी वेळेवर पोचायचं! गेर्वाझी, ने!"

ओनुफ्री बंबाच्या पंपावर उभा राहिला, तोंड बँडकडे, पाठ घोड्यांकडे. रेडिओची गाडी बाजूला लागली. बाई गुडघ्यांनी सुकाणू धरून मायक्रोफोन खिडकीबाहेर काढून होत्या. आणि मोक्रा वोलाच्या त्या रस्त्यावर, भर दुपारी, ओनुफ्री गाव्लिकचा हात खाली आला.

काय वाजलं म्हणून सांगू! तेरा जणांना महिनाभर बंद दालनात वाजवायची सवय. उघड्यावर त्यांचे आवाज असे सुटले, जणू कोंडलेली जनावरं. खड्डा आला की ट्रॉम्बोन एक पायरी वर जाई, दगड आला की क्लॅरिनेटी किंचाळत, आणि ते सगळं बरोबर! पानावरचे ठिपके असेच उडलेले होते, ओनुफ्रीनं फक्त त्यांना कधी खड्डे दिले नव्हते. लाकडी पुलाच्या फळ्यांनी असा काही गडगडाट दिला, की ओनुफ्री नाचायलाच लागला. कुंपणाकुंपणाला माणसं. गाई शेपट्या वर करून बंबाबरोबर धावत होत्या.

गेर्वाझीचे हात लगामात. ढोल आडवा पडलेला, त्यावर तो टाच हाणत होता.

"पान तेरा!" ओनुफ्री ओरडला. "हे सावकाश! दोरा! दोरा!"

"सावकाश कसं?" गेर्वाझी टापांच्या आवाजावरून ओरडला. "वेळ नाही ना! घोडे दौडतायत, टाच त्यांच्यामागं जाते!"

"घोडे दौडू देत! संगीत रांगलं पाहिजे! टाच माझ्या हाताकडे बघू दे!"

"माझी पाठ आहे तुझ्याकडे!"

मग मामानं ट्रम्पेट न सोडता एक पाय लांब केला आणि गेर्वाझीच्या पाठीवर, ओनुफ्रीच्या हाताबरोबर, बुटानं ताल धरला. धप... धप... धप. घोडे भरधाव आणि त्यांच्या डोक्यावर दोरा हळूहळू उलगडत चाललेला. असं काही संगीत जगात कुणी वाजवलं असेल तर त्यानं पुढे येऊन सांगावं.

"दीड मिनिट!" बाई किंचाळल्या. सिगारेट केव्हाच पडली होती.

पान चौदा. बंबघराचं धुराडं दिसलं, त्यावरचं करकोच्याचं घरटं दिसलं. बारा वाद्यं एकेक करून मावळली, शेवटी मामाचा ट्रम्पेट तेवढा उरला, तो पातळ होत गेला. गेर्वाझीनं लगाम खेचला. बंब फाटकातून आत आला.

विन्सेंती दारातच होता. मधल्या वेळात पाद्रीबाबांनी त्याला ओढून पाहिलं होतं, मामीनं चौकटीला डुकराची चरबी लावली होती, पण तो हलायला तयार नव्हता. "माझा सूर बाकी आहे," एवढंच तो खुणेनं सांगत होता, कारण मौन होतं. त्याच्यामागे अडीचशे माणसं अजून गप्प बसलेली, तान्ही पोरंसुद्धा.

ट्रम्पेट संपला. ओनुफ्रीनं दोन्ही हातांनी विन्सेंतीकडे बोट केलं.

विन्सेंतीनं श्वास घेतला. चौकट करकरली. आणि तो सूर आला. नुसता ट्युब्यातून नाही. दार, भिंती, छप्पर, सगळं बंबघरच वाद्य झालं. खिडक्यांची तावदानं गुणगुणली, चुन्याचे पोपडे पिएरोगीवर पडले, टेबलावरची सॉसेजं शिस्तीत एका बाजूला सरकली. धुराड्यावरचा करकोचा उठला, त्यानं एकदा खाली पाहिलं आणि तो पंख पसरून शेजारच्या गावी निघून गेला. ओनुफ्रीनं मूठ मिटली.

शांतता. एक, दोन, तीन, चार.

आणि रेडिओच्या गाडीत रिळाचं सुटं टोक फटफटायला लागलं.

"आलं सगळं?" ओनुफ्रीनं विचारलं. त्याला स्वतःचा आवाज ओळखू आला नाही.

"आलं," लेओकादियाबाई म्हणाल्या. त्यांनी दोन्ही कानांवरून हेडफोन काढले. लोक म्हणतात, तसं त्यांना कुणी पूर्वी पाहिलं नव्हतं. "पहिल्यापासून शेवटपर्यंत. एकदाही न थांबता. हंसांसकट. मी हे समितीपुढे ठेवणार, आणि कुणी मध्ये खोकला तर त्याला बाहेर काढणार."

गाव नुसतं फुटलं. शिरस्त्राणं आभाळात उडाली, मामा मिशांत तोंड लपवून रडला, मामीनं अखेर फडकी उचलली. ओनुफ्री बंबाच्या पायरीवर बसला होता. दुखरा हात मांडीवर, डोळे कुठेतरी लांब. आम्ब्रोझीनं त्याला सॉसेज आणून दिलं, ते तो कान खाजवायला वापरू लागला.

"ओनुश, बाळा," मामी म्हणाली, "काय झालं रे?"

"असा असतो होय?"

"कोण?"

"शेवट." तो हळूच म्हणाला. मग एकदम उभा राहिला. "चुकलाय!"

"काय चुकलंय?"

"शेवट चुकलाय! शेवटचा सूर शेवटी नकोच! मामाच्या ट्रम्पेटवरच ते संपलं होतं. मला ऐकू आलं! कानानं ऐकू आलं, मामी! कागदावर हे कधी दिसलंच नसतं! पेन्सिल! कुणाकडे पेन्सिल आहे?"

दारात मोठा आवाज झाला. विन्सेंतीचा. या वेळी ट्युब्यातून नाही.

"मी वीस मिनिटं इथे कोंबून घेतलं, ते त्या सुरासाठी! आणि तो नको?"

"नको कसा? हवाच!" ओनुफ्री त्याच्याकडे धावला, जाता जाता पाद्रीबाबांच्या कानामागची पेन्सिल काढून. "शेवटी नको. सुरुवातीला हवा! अगदी पहिला! त्याच्यातूनच बाकी सगळं निघेल!"

"टेपला हात लावायचा नाही," लेओकादियाबाईंनी बजावलं. "ती नववी. तुम्हाला काय लिहायचं ते वेगळं लिहा."

"दहावी!" ओनुफ्री ओरडला. कागद दालनात होते आणि दालनाच्या दारात विन्सेंती, म्हणून तो मामाच्या गणवेशाच्या पाठीवरच लिहायला लागला. मामा वाकून उभा राहिला आणि हालचाल नको म्हणून रडायचा थांबला.

"आधी मला बाहेर काढा," विन्सेंती म्हणाला.

"काढतो, काढतो. फक्त एकदा तो सूर पुन्हा दे. आता पहिला म्हणून."

"वेगळा कसा द्यायचा? सूर तोच ना?"

"आता त्याच्यापुढे सगळं व्हायचंय. तसा दे."

विन्सेंतीनं त्याच्याकडे बघितलं, मामाकडे बघितलं, मग पुटपुटत ओठ पुसले आणि छाती भरून श्वास घेतला. हातात बशा घेतलेल्या माणसांनी मोकळ्या हातानं जे जवळ होतं ते घट्ट धरलं.